आधी काढलेलं ताट

पार्वता, काल दुपारी तुझा रमेश येऊन गेला. आत ये म्हटलं तर आला नाही, ओट्यावरच उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळे एवढा बापई माणूस एकदम पोरगेला दिसत होता. लहानपणी मुदतीच्या तापातून उठला होता तेव्हा दिसायचा, तसाच. म्हणाला, "मावशी, उद्या आईची तेरवी हाय. तुमाले या लागते." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? तो गेला आणि मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. 

अडचण कशाची ते तुला सांगायला नको. तेरवीचं अन्न आधी तुझ्या फोटोपुढे दाखवतील, कावळ्याला घालतील, मग पंगत बसेल. पंगतीत एक पान माझं असेल. ते मी खाल्लं तर ज्या गोष्टीला जन्मभर नाही म्हणत आले, ती नेमकी तुझ्या नावानं केली असं होईल. न खाता उठले, तर तुझ्या दारातून, तुझ्याच तेरवीतून उपाशी उठले असं होईल. तुझी नणंद अनसूयाबाई तिथे समोरच बसलेली असेल. तिला हे इतक्या वर्षांनी आयतं सापडेल. बरं, गेलेच नाही, तर रमेशला पुन्हा कोणत्या तोंडानं रमेश म्हणू?

आमचे हे इथे असते तर म्हणाले असते, "जा, जेव आणि ये. देव काही एवढा कोता नाही." पण ते सध्या धारणीला, तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नोकरीवर; तिकडची बस कधी सुटते हे बस हाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि ते असते तरी मी त्यांचं ऐकलं नसतंच. अशा वेळी मी आजवर भिंतीवरून तुलाच हाक मारत आले. सवय जात नाही, म्हणून शाळेला रजा टाकून हे लिहीत बसले आहे.

ही भिंत तरी काय, छातीइतकी, मातीची, दर पावसाळ्यात थोडी थोडी खचणारी. आम्ही अमरावतीत या घरात राहायला आलो तेव्हा तू पलीकडून पहिल्यांदा वाकून पाहिलंस आणि विचारलंस, आम्ही कोण. मी नाव सांगितलं, रुत, आणि ख्रिस्ती म्हटलं. तू म्हणालीस, "ते माईत हाय. त्याच्या आधी कोन?" मी तेही सांगितलं. माझे वडील मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातले. दुष्काळात पोरके झाले, मिशनवाल्यांनी उचलून आणलं, वाढवलं, शिकवलं. मी जन्मले ती मिशनच्या आवारात, वाढले वसतिगृहात. देव म्हटला की एकच आणि सण म्हटला की नाताळ, बाकी सगळं मी कुंपणाबाहेरून ऐकलेलं. तुझा नवरा कुणबी, दर्यापूरकडे काळी कसदार जमीन, तो बाराही महिने शेतावर आणि तू पोराच्या शाळेसाठी इथे. तू मान हलवलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा काही भिंतीशी यायची नाही.

पण भाद्रपदात तुझ्याकडे महालक्ष्म्या बसल्या आणि तू जेवायला बोलवायला आलीस. मला अंगणात बसवशील, वरून वाढशील, हे मला कळत होतं. त्याचं तेव्हा फारसं वाटायचं नाही, अंगवळणी पडलं होतं. मी म्हटलं, येईन, पण देवीला दाखवलेलं खाणार नाही. शाळेत पोरींना समजावते तसं तुला समजावून सांगितलं: आमचा देव एक, त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं, दुसऱ्या कोणापुढे ठेवलेलं अन्न आम्हाला वर्ज्य. तू कमरेला पदर खोचून सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हंजे आमच्या देवाचा तुमाले इटाळ होते का?"

माझंही डोकं तापलं. म्हटलं, "तुम्ही आमच्या हातचं पाणी पीत नाही, मी तुमच्या देवीपुढचं खात नाही. झाली फिटंफाट."

बोलून गेले आणि घाबरले. नवं गाव, नवी शेजारीण, आणि हे दवाखान्यात. तू माझ्याकडे टक लावून पाहत राहिलीस, मग तोंडाला पदर लावून हसलीस. "मास्तरीनबाई, तोंड लय चालते वो तुमचं," एवढंच म्हणालीस. त्या वर्षी मी तुझ्याकडे जेवले नाही. पुरणाचा वास मात्र दिवसभर घरात येत राहिला आणि हे मला दिवसभर टोमणे मारत राहिले. यांचं म्हणणं, वाढणाऱ्यानं सांगितलं नाही तर आपणही विचारू नये, निमूट खावं. माझं म्हणणं, मला ठाऊक असताना मी ठाऊक नसल्याचं सोंग कोणापुढे करू? माणसापुढे करता येईल.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, तुमच्याकडे आरतीची घंटा वाजायच्या आधी, तू भिंतीवर ताट ठेवलंस. वर पळसाची पत्रावळ झाकलेली. "हे देवीपुढचं नाई. आधी काढलं. आता तं खासान?"

मी खाल्लं. ज्वारीची आंबील, कढी, पुरणाची पोळी, सोळा भाज्या एकत्र केलेली ती भाजी. सगळं झकास, फक्त कढी अळणी. आता मी पडले शिक्षिका, चूक दिसली की तांबडी रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नाही. भिंतीवरून तुला म्हटलं, कढीत मीठ विसरलीस. तू माझ्याकडे पाहिलंस, ताटाकडे पाहिलंस. मग "असं का," म्हणून आत गेलीस. त्यानंतर दर वर्षी तू ताट ठेवायचीस आणि तिथेच थांबायचीस. "मीठ पाह्यजो जरा." मी चाखून सांगायची, आंबिलीत कमी आहे, भाजीत चढलंय, कणकेचा गोळा सोड. तू आत जाऊन तसं करायचीस, मग घंटा वाजायची. मला आपलं वाटायचं की माझ्या जिभेवर तुझा फार भरवसा आहे. थोडी ऐटच वाटायची. देवीच्या स्वयंपाकाची चव नैवेद्याआधी कोणी घेत नाही, तुझ्या घरात तूसुद्धा घेत नव्हतीस, हे मिशनच्या आवारात वाढलेल्या बाईला कोण सांगणार? तू सांगितलं नाहीस. काहून सांगितलं नाहीस, पार्वता?

मधल्या काळात माझ्या चुलतभावाकडची सगळी माणसं त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. तो मूर्तिजापूरहून मुद्दाम मला भेटायला आला. चेहरा असा उजळलेला की मला त्याचा हेवा वाटला. म्हणाला, "आमी तेहतीस कोटी एका दिवसात सोडले. तुयाजवळ तं एकच हाय. तोही सोड अन् आपल्या मानसांत ये." त्याला चहा दिला आणि म्हटलं, मला जमायचं नाही. तो गेल्यावर तू भिंतीशी आलीस, सगळं ऐकलं होतंस. "त्याचं काई चुकते का? देव ठेवा तं भरपूर ठेवा. एकानं कसं भागते? तो एक आजारी पडला तं?" मी हसले, पण त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. एकीकडे तू, घरभर देव. दुसरीकडे भाऊ, एकही नको म्हणणारा. मधे मी, एकाला धरून बसलेली, आणि तो एक सकाळ-संध्याकाळ विचारूनही माझ्याशी मोकळेपणानं बोलत नव्हता. हे पाळकसाहेबांना सांगायची सोय नव्हती. तुला सांगितलं. तू म्हणालीस, आमचे तरी कुठे बोलतात.

मग ते वर्ष. अनसूयाबाई सणाला आली होती आणि मला ठाऊक नव्हतं. मी नेहमीसारखी भिंतीवरून मोठ्यानं म्हटलं, "पार्वता, भाजी अळणी आहे गं." आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग अनसूयाबाईचा आवाज, सगळ्या गल्लीनं ऐकावा असा. देवीच्या आधी किरिस्तावणीनं खाल्लं, देवीला तिचं उष्टं दाखवता, दर वर्षी दाखवता. तेव्हा मला कळलं. हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी माझा देव सांभाळत होते आणि त्यासाठी तू तुझ्या देवीशी काय करत होतीस, ते त्या आरडाओरड्यातून मला समजलं.

महालक्ष्म्या उठल्या आणि रमेश तापानं पडला. मुदतीचा ताप. काढे झाले, अंगारे झाले, ताप उतरेना. यांनी गाडी करून त्याला इथल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा हे तिथेच होते. तू त्याच्या उशाशी बसलेलीस, मी शाळा सुटली की यायची. पोराचे ओठ काळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. गल्लीत सगळे एकच बोलत होते, आणि माझ्या तोंडावरही बोलत होते. अनसूयाबाईनं उपाय ठरवला होता. महालक्ष्म्यांचे मुखवटे पुन्हा पाटावर मांडायचे, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि जिनं आधी खाल्लं तिनं सगळ्यांसमोर देवीचा प्रसाद खायचा. मग देवी शांत होईल.

हे सांगायला तू तिला पाठवलं नाहीस. स्वतः मला दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊन आलीस. माझा हात धरलास. तोवर तू माझा हात कधी धरला नव्हतास. म्हणालीस, "रुत, हात जोडू नको. कुकू लावू नको. निस्ता एक घास खाय. माया पोरासाठी."

मी नाही म्हटलं.

मी हे किती वेळा पुन्हा पुन्हा पाहिलं असेल. तुझा हात अजून माझ्या हातात होता. मी म्हटलं, पार्वता, मी त्याच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करते आहे. मागशील ते देईन, माझं रक्त लागलं तर काढून घ्या. हे मात्र मला करता येत नाही. ते केलं तर उद्या ज्याच्याकडे मी रमेशला मागते आहे, त्याच्यापुढे कशी उभी राहू? तू म्हणालीस, "तुया देवाले तू सांग. पन मायी देवी रागावली, तिची समजूत कोन काढन?"  तू हात सोडलास आणि आत गेलीस.

 मनात येत होतं, पोरगा गेला तर? लोक म्हणतील हिनं खाल्ला. लोकांचं जाऊ दे, तू म्हणशील. आणि मी स्वतः काय म्हणेन? एका घासासाठी? माझा देव एका घासानं मोडेल इतका ठिसूळ आहे का? की मीच ठिसूळ आहे, म्हणून इतकी ताठ उभी आहे? पार्वता, आज विचारलंस तरी मी नाहीच म्हणेन. बरोबर केलं याची खात्री आहे म्हणून नव्हे. दुसरं काही मला येतच नाही म्हणून. 

मी घरी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. आत येऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि रमेशच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवू लागले. तू मला हाकललं नाहीस. यांनी खटपट करून नागपूरहून तापावरची नवी औषधं मागवली होती, ती सुरू झाली. मग एका दुपारी तू बसल्या बसल्या कलंडलीस. कितीक दिवसांचं जागरण. माझ्या तांब्यात पाणी होतं, मी ते पुढे केलं आणि पुढे केल्यावर घाबरले. तू तांब्या घेतलास आणि घटाघटा प्यायलीस. तोंड पुसलंस, तांब्या परत दिलास. 

रमेश उठला. तो कोणामुळे उठला, हा आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. मी उपासनेत उपकार मानले. तू देवीची ओटी भरलीस. माझा भाऊ म्हणाला, गोळ्यांमुळे, आणि तुम्ही दोघी येड्या. मागच्या संक्रांतीलासुद्धा तू रमेशला समोर उभं करून मला विचारलंस, "आता खरं सांग, याच्यात तुया देवाचं किती अन् माया देवीचं किती?" मी म्हटलं, सगळं माझ्या देवाचं. तू म्हणालीस, "लय हावरी हायेस वो." आपण हसलो. आता हा वाद मी कोणाशी घालू?

पण ते नंतरचं. आधी एक अख्खं वर्ष भिंत मुकी होती. तू बोलायचीस, पण कामापुरतं. भाद्रपद जवळ आला. ताट येणार नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. येऊच नये, असंही वाटत होतं. देवाशपथ खरं सांगते, मी त्या दिवशी अकोल्याला बहिणीकडे जायचं ठरवलं होतं, पिशवी भरली होती. आणि घंटा वाजायच्या आधी भिंतीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला.

तू उभी होतीस. मी म्हटलं, पार्वता, हे नको करूस. मला आता कळलंय हे काय आहे. अनसूयाबाई काय म्हणेल? देवीला काय वाटेल? माझ्या तोंडून हे निघालं, देवीला काय वाटेल, एकच देव मानणाऱ्या बाईच्या तोंडून. तुला हसू आलं नाही. तू नीट समजावून सांगितलंस, आणि ते मी अजून जसंच्या तसं ऐकते. "महालक्ष्म्या माहेराले येतात. घरच्या लेकी हायेत त्या. पाव्हनं दारात असलं तं लेकीले आधी वाढतात का? लेक मांगून जेवते. तिले राग येत नाई. अनसूयेले समजत नाई, देवीले समजते." मग पदरानं नाक पुसून म्हणालीस, "चाख आता. मीठ सांग."

मी चाखलं. आंबिलीत कमी होतं.

त्यानंतर कितीतरी भाद्रपद आले आणि गेले. मी निश्चिंत होते. मला वाटलं, तू तुझ्या देवीची समजूत काढलीस, आता भीती संपली. काल रमेशनं ओट्यावरून उतरता उतरता आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी वर लिहिली नाही. कुसुम, तुझी सून, तेरवीच्या स्वयंपाकाचं ठरवत होती, त्यावरून बोलता बोलता तो सहज म्हणाला, "आईले मीठ लय लागे, पन महालक्ष्मीच्या दिवशी अळनी जेवे. मी तापातून उठलो तवापासून. तुमाले तं माईत असन."

मला माहीत नव्हतं. भिंतीच्या अलीकडे मी जेवत होते, मीठ कमी आहे, मीठ जास्त आहे म्हणत होते, आणि पलीकडे तू त्याच दिवशी, त्याच अन्नातलं आपल्या पानापुरतं बिनमिठाचं काढून ठेवत होतीस. म्हणजे भीती गेली नव्हती. लेक मागून जेवते, हे तू मला सांगितलंस. तुझी स्वतःची खात्री नव्हती. तरी ताट ठेवत राहिलीस आणि दंड आपला आपण भरत राहिलीस. चर्चच्या मंडळीत लोक मला एकनिष्ठ म्हणतात. मुलींच्या वर्गात माझं उदाहरण देतात. पार्वता, त्या निष्ठेचा निम्मा भार तू वाहिलास. तुझे उपकार मानायला निदान एकदा तरी संधी द्यायचीस.

आणि आता जे कोणालाही विचारता येत नाही ते तुला विचारते. तू कुठे आहेस? छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंतही पोचली नाहीस. मी धावत आले तर तुला अंगणात ठेवलं होतं, बायका तुला मळवट भरत होत्या. मी एका कडेला हात बांधून उभी राहिले. कुंकवाचं बोट मी लावलं नाही, तिथेही नाही. लहानपणापासून शिकले आहे की तारण एकाच दारातून. पाळकसाहेब परवा सांत्वनाला आले, तेव्हा मी त्यांना विचारलंच, त्या दाराबाहेर राहिलेल्या चांगल्या माणसांचं काय. ते म्हणाले, ते देवावर सोपवावं. सोपवते. सोपवते, आणि पुन्हा परत घेते. इतकी वर्षं मी तुला आमच्या देवाकडे ये असं एकदाही म्हटलं नाही. तू मला तुमच्याकडे ये म्हटलंस ते एकदाच, पोरासाठी. प्रार्थनेला बसते तेव्हा तुझं नाव घेते आणि अडखळते. मेलेल्यांसाठी आमच्यात मागत नाहीत. मग त्याला फक्त सांगते, की बाबा, ही पार्वता. हिनं मला तुझ्यासाठी आधी वाढलं. हिला ओळख.

उन्हं ओट्यावर आली आहेत. पलीकडे चुली पेटल्या, धूर इकडे येतो आहे. वांग्याची भाजी रटरटते, बुंदी पाडताहेत. अनसूयाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. माणसं जमू लागली. मी लुगडं बदलून बसले आहे आणि अजून ठरलेलं नाही. कोणाला सांगू, की माझं आधी काढून ठेवा? ज्या घरात त्यावरून एवढं झालं त्या घरात, आजच्या दिवशी, ते कोणत्या तोंडानं मागू? जाईन, हात जोडून बसेन आणि पान वाढलं की डोकं दुखतंय म्हणेन. म्हणजे तुझ्या तेरवीत खोटं बोलेन. हेही जमणार नाही. प्रभो, मला काहीतरी सुचव.

इथवर लिहिलं आणि भिंतीवर आवाज झाला.

ताट. वर पळसाची पत्रावळ. पलीकडे कुसुम उभी, डोक्यावर पदर, डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "मावशी, आईपुढं अजून दाखवलं नाई. आधी काढलं. आई दर साली काढे तसं." मी भिंतीशी गेले. विचारलं, अनसूयाबाईला माहीत आहे का? कुसुमनं मागे पाहिलं. अंगणात चुलीशी अनसूयाबाई पाठमोरी बसली होती, हातात पळी. तिनं मान वळवली नाही. चुलीकडे पाहतच मोठ्यानं म्हणाली, "इचार तिले, वांग्यात मीठ बरोबर हाय का. वहिनी गेल्यावर आमच्यात चाखनारं कोनी नाई."

मी पत्रावळ बाजूला केली आणि भाजीचा घास घेतला. किती वेळ तो तोंडात फिरवला कोण जाणे. चव कळेना, डोळ्यांचंच पाणी तोंडात येत होतं. कुसुम वाट पाहत होती, अनसूयाबाईची पळी कढईवर थांबली होती.

"थोडं कमी आहे," मी म्हटलं. "चिमूटभर घाला."

अनसूयाबाईनं मीठ घातलं आणि पळी फिरवली.

आता थांबते, पार्वता. आत घंटा वाजते आहे, तुला दाखवताहेत. हे ताट झाकून सोबत घेते आणि पुढच्या दारानं तुझ्या पंगतीत येऊन बसते.